रेकॉर्डबाईंचा ‘एच’चा खण

जर्मन शिकायचं म्हटल्यावर माणूस काय करतो? शहाणा असेल तर क्लास लावतो. आळशी असेल तर मोबाइलवर एखादं ॲप घेतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो. रेकॉर्डबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून विटेएवढा जाड शब्दकोश आणला, बाह्या वर सारल्या आणि अख्ख्या भाषेतून एकच अक्षर उचललं. एच. बाकीच्या पंचवीस अक्षरांना त्यांनी रांगेत उभं केलं. नंबर आला की बोलवू, तोवर गडबड करायची नाही.

तुम्ही हसाल. यजमानही हसले होते, आणि त्यापायी त्यांना दोन दिवस बिनसाखरेचा चहा प्यावा लागला. तेव्हा जरा बेतानं हसा. बाईंनी हे उगाच केलेलं नव्हतं, त्यामागे तेहतीस वर्षांची नोकरी होती.

ती नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, रेकॉर्ड रूममध्ये. वर डॉक्टर, नर्सा, औषधांचा वास आणि नातेवाइकांची धावपळ. खाली बाई, एक लोखंडी स्टूल आणि भिंतभर पोलादी कपाटं. इस्पितळाची पायरी चढलेल्या प्रत्येक माणसाचा केसपेपर शेवटी त्या कपाटांत येऊन पडायचा, अक्षरवार. वरून फोन आला की दोन मिनिटांत कागद काढून द्यायचा. डॉक्टर आले, डॉक्टर गेले, काही नाव काढून गेले, काही नुसतेच गेले. बाई जागच्या हलल्या नाहीत. “डॉक्टर चुकला तर एक पेशंट हैराण होतो, मी चुकले तर दोन,” असं त्या म्हणायच्या. नव्या कारकुनाकडून पहिल्याच दिवशी त्या एक नियम घोकून घ्यायच्या: एक खण पुरता लावल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. एकदा एका उत्साही कारकुनानं चार खण एकदम उघडले होते. दाढ दुखणाऱ्या एका गृहस्थांचा कागद पित्ताशयवाल्या बाईंच्या कागदांत गेला आणि त्या बिचाऱ्यांना तीन दिवस बिनतेलाचं पथ्य घडलं. दाढ तेवढी दुखायची थांबली नाही.

इस्पितळात बाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. सगळे रेकॉर्डबाई म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावर शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले.

तर अशा या बाईंच्या एकुलत्या एका मुलानं दूर, जर्मन बोलणाऱ्या मुलखात नोकरी धरली, तिथलीच मुलगी केली आणि दोन वर्षांत बाईंना नात झाली. नात सहा महिन्यांची झाली तरी बाईंनी तिला पाहिलं होतं ते मोबाइलच्या काचेत. त्यातही निम्मा वेळ नातीचा कान दिसायचा आणि निम्मा वेळ घराचं छत. “छत गोड आहे हो, अगदी आपल्यावर गेलंय,” यजमान म्हणायचे. हे यजमान जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते. लोकांना वर-खाली करण्यात आयुष्य गेल्यामुळे स्वतःचा जीव मात्र ते कशानंही वर-खाली होऊ देत नसत.

सूनबाईंची रजा संपत आली होती. पाळणाघरात जागा मिळणार होती ती रजा संपल्यावर आणखी सहा महिन्यांनी. मधल्या काळात बाळाकडे बघणार कोण? बाई फोनवरच म्हणाल्या, मी येते. मुलगा हो म्हणाला. सूनबाईही हो म्हणाल्या, फक्त त्यांच्या ‘हो’ला एक ‘पण’ चिकटलेला होता. हा ‘पण’ म्हणजे विहीणबाई.

विहीणबाई लेकीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या. त्यांनी सबंध नोकरीत शहरातली बस चालवली होती, तीही जोडबस, दोन डब्यांची. अरुंद वळणावर एवढं धूड न खरचटता वळवणारी बाई ती. तिच्यापुढे जावईसुद्धा खुर्चीत नीट बसायचा. त्यांचं म्हणणं असं की बाळाला मी आहे, दुसऱ्या कोणाची गरज नाही. आणि यायचंच असेल तर त्या बाईंना बाळाबरोबर घरात एकटं राहता आलं पाहिजे. बाळाला ताप आला, घशात काही अडकलं, दारात कोणी आलं, तर त्या बोलणार कशात? मुद्दा रास्त होता. बाईंना तो पटला, आणि पटला म्हणूनच जास्त झोंबला.

शेवटी सूनबाईंनी तोडगा काढला. दहा आठवड्यांनी एका रविवारी, आपल्याकडच्या घड्याळात दुपारी चार वाजता, दोन्ही आज्यांनी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बोलायचं. मध्ये मुलगा नाही, सून नाही. विहीणबाईंचं समाधान झालं तर तिकीट. नाही झालं तर नातीची भेट पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या.

“म्हणजे परीक्षाच की,” यजमान म्हणाले.

“परीक्षेला मी भीत नाही,” बाई म्हणाल्या. खोटं बोलत होत्या. परीक्षेला नसतील भीत, पण ती नात बोलायला लागेल, चालायला लागेल, आणि आपण तिला एकदाही मांडीवर घेतलेलं नसेल, या विचाराला मात्र त्या भ्यायच्या. मागणं काही फार मोठं नव्हतं. आठ किलोचं वजन होतं, तेवढं उचलायला मिळायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी शब्दकोश टेबलावर आला आणि बाई खण निवडायला बसल्या. ‘ए’पासून सुरुवात करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पहिल्या खणाला येणारा-जाणारा हात लावतो, त्यात कायम पसारा. इस्पितळातली बाई, तिनं आधी शरीर शोधलं. आणि काय सांगता, अर्धा माणूस एकाच ठिकाणी निघाला. हांट म्हणजे हात. हाल्स म्हणजे गळा. हेर्त्स म्हणजे काळीज. हाउट कातडी, हार केस, हिर्न मेंदू, ह्युफ्टं खुबा, आणि या सगळ्यांच्या मागोमाग हूस्टन, म्हणजे खोकला.

“शिवाय हाउस आहे, हेर्ट म्हणजे शेगडी आहे, हुंगर म्हणजे भूक आहे,” बाई बोटांवर मोजत म्हणाल्या. “बाळाला आणखी काय लागतं?”

“पाय लागतात,” यजमान म्हणाले.

पाय ‘एफ’मध्ये होता. बाईंनी पान उलटून खात्री केली आणि शब्दकोश मिटला. “पाय नंतर. अजून कुठं ती चालतेय.”

इस्पितळानं केसपेपरचा नमुना बदलला तेव्हा जुन्या कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा रद्दीत निघाला होता. बाईंनी तो रीतसर विचारून घरी आणला होता, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. आता पडला. एका शब्दाला एक केसपेपर. नाव, लिंग, तक्रार, नातेवाईक, शेरा. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. मोबाइल शब्द बोलून दाखवायचा, बाई त्याच्यामागून म्हणायच्या, आणि कागद बुटांच्या खोक्यात उभा लागायचा.

लिंगाच्या रकान्यापाशी पहिली चकमक उडाली. जर्मन शब्दांनाही आपल्यासारखी तीन लिंगं असतात, पण वाटणी कोणी केली देव जाणे. हून म्हणजे कोंबडी, आणि लिंग नपुंसक. बाईंनी पेन खाली ठेवलं. “अंडी घालते, पिल्लं वाढवते, आणि नपुंसक? हा कागद वर परत पाठवा, तपासणी नीट झालेली नाही.” पण इथे वर कोणी डॉक्टर नव्हता, वर माळा होता. कोंबडी नपुंसकच राहिली.

हेर्ट मात्र पुल्लिंगी निघाली. “बघा,” बाई यजमानांना म्हणाल्या, “तिकडे शेगडी पुरुष आहे. तेव्हा उद्यापासून तिचं तुमचं तुम्ही बघा.” सकाळचा चहा त्या दिवसापासून यजमानांच्या गळ्यात पडला. यजमानांनी त्याचा वचपा तीन आठवड्यांनी काढला. हिमल म्हणजे स्वर्ग, तो पुल्लिंगी. ह्योलं म्हणजे नरक, तो स्त्रीलिंगी. “भाषा करणारा लग्न झालेला होता,” एवढंच ते म्हणाले आणि चहा करायला उठले.

बाईंचा खरा जीव मात्र ‘नातेवाईक’ या रकान्यात रमायचा. तिथे त्या शब्दाचे वाक्प्रचार आणि म्हणी लिहायच्या. त्यांचं म्हणणं, शब्द काय आणि पेशंट काय, एकटा कधी येत नाही, बरोबर चार माणसं असतातच. हाल्सच्या कागदावर पहिलाच नातेवाईक होता, “मान मोडो आणि पाय मोडो.” शेरा: शुभेच्छा.

“शुभेच्छा?” यजमानांनी चष्मा वर केला.

“परीक्षेला निघालेल्या माणसाला म्हणतात.”

“मग शिव्या काय देत असतील?”

“शिव्या दुसऱ्या खणात असतील. मला वेळ नाही.”

हुंट म्हणजे कुत्रा, त्याचे नातेवाईक सगळ्यांत जास्त. “इथे कुत्रं पुरलेलं आहे” म्हणजे खरी मेख इथे आहे. हे यजमानांना फार आवडलं. बेसिन तुंबलं, खिडकी अडकली, की ते पान्हा घेऊन खाली बसायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, कुत्रं इथं पुरलंय. घाबरलेल्या माणसाचं काळीज म्हणे विजारीत घसरतं. आपल्याकडे काळजाचं फार तर पाणी होतं, विजारीपर्यंत जायची पाळी येत नाही. आणि केसांच्या कागदावर एक नातेवाईक असा होता: “दातांवर केस असणे, म्हणजे बाई फटकळ असणे.” यजमानांनी तो कागद दोनदा वाचला, जागेवर ठेवला आणि काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांचा संसार उगाच होत नाही.

आठव्या आठवड्यात मुलाचा फोन आला. “आई, कुठवर आलं?”

“चारशे अकरा शब्द.”

मुलगा खूश झाला. “अरे वा. मग दुधाला काय म्हणतात?”

“तो खण उघडलेला नाही.”

“झोपेला?”

“तोही नाही.”

“बाळाला तरी?”

मुलाच्या आवाजातला आनंद हळूहळू ओसरायला लागला. कृपया? धन्यवाद? ते ‘बी’ आणि ‘डी’. शेवटी त्यानं अगदी दबकत विचारलं, “आई, ‘मी’ तरी?”

“तो ‘आय’मध्ये आहे. एचच्या पुढचाच खण. येईल ओळीनं.”

“आई, ‘मी’ म्हटल्याशिवाय तू बोलणार कशी?”

“तेहतीस वर्षं कागद लावले, त्यात ‘मी’ कुठं होते?” बाई फणकारल्या आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसल्या.

यजमान दारात येऊन उभे राहिले. बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, “चुकलंच माझं. सगळं जग चार खण एकदम उघडतं, मलाच मेलीला शिस्त.”

“अजून दोन आठवडे आहेत. उघड की दुसरा.”

“आता उघडला तर हाही विस्कटेल. मग धड हे नाही, धड ते नाही.”

“मग आहे ते घेऊन बस,” यजमान म्हणाले. “तळमजल्यावर बसायचीस तशीच.” हे त्यांनी थट्टेत म्हटलं नाही, आणि बाईंनाही ते कळलं.

रविवार उजाडला. पावणेचारलाच बाई टेबलाशी बसल्या. समोर मोबाइल, उजव्या हाताला बुटांचं खोकं, त्यात चारशे अडतीस केसपेपर. यजमानांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती. बरोबर चारला विहीणबाई काचेत उगवल्या. बस चालवणाऱ्या बाईचे चार म्हणजे चारच. केस आखूड, पाठ ताठ, हातात प्रश्नांची लिहिलेली यादी. मागे सोफ्यावर चादर अंथरलेली आणि चादरीवर नात, स्वतःचा पाय तोंडात घालायच्या खटपटीत.

“हालो,” बाई म्हणाल्या. “हेर्त्सलिश.” म्हणजे मनापासून. काय मनापासून, ते दुसऱ्या खणात होतं.

विहीणबाईंनी एक लांबलचक वाक्य टाकलं. बाईंना त्यातलं ओ का ठो कळलं नाही. त्या परत “हालो” म्हणाल्या. विहीणबाईंनी सुस्कारा सोडला, यादी बाजूला धरली आणि खाणाखुणांवर उतरल्या. दुधाची बाटली वर केली. “हुंगर,” बाई ताडकन म्हणाल्या. यादीवर बरोबरची खूण झाली. विहीणबाईंनी कपाळाला हात लावून डोळे मिटले. “हाइस,” म्हणजे गरम. आणि मग काय करायचं, अशा अर्थी भुवया वर गेल्या, तेव्हा बाईंनी दोन कागद जोडून सांगितलं, “हिल्फं होलन.” मदत आणणे. दुसरी खूण.

इथून पुढे घसरगुंडी लागली. विहीणबाईंनी दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपेची खूण केली. झोप खणात नव्हती. बाईंनी खूप शोधाशोध करून “हाउस. हेल. हाल्ट,” असं दिलं, म्हणजे घर, उजेड, थांब. अर्थ असा की दिवे बंद करीन. विहीणबाईंनी डोकं खाजवलं. लंगोट बदलायची खूण झाली तेव्हा बाईंना सगळ्यांत जवळचा शब्द सापडला तो विजार, आणि त्याला त्यांनी “मागे” जोडलं. “होझं. हिंटन.” कोपऱ्यातून यजमान उठले आणि तोंडावर हात दाबून बाहेर गेले. दारावर टकटक झाली तर? विहीणबाईंनी टेबलावर तीनदा बोट आपटलं. हा शब्द बाईंना चोख येत होता. “हेराइन,” त्या ऐटीत म्हणाल्या. म्हणजे आत या. अनोळखी माणसाला सरळ आत या. विहीणबाईंनी एवढी मोठी फुली मारली की पेनाचा आवाज इकडे ऐकू आला.

गेलं, बाईंच्या मनात आलं. हातचं गेलं.

तेवढ्यात नात रडायला लागली आणि विहीणबाई तिला घ्यायला उठल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रेकॉर्ड रूमला एक खिडकी होती, आणि त्या खिडकीपुढे लांबच लांब बोळ. कागद मागायला येणारा माणूस त्या बोळातून चालत यायचा. बाईंना दुसरं काम नसलं की त्या बघत बसायच्या. दहा वर्षांत त्यांची नजर अशी तयार झाली की माणूस खिडकीशी पोचायच्या आत तो कुठल्या विभागाचा, ते त्यांना कळायचं. पोट धरणारा वेगळा चालतो, पाठवाला वेगळा. एकदोन डॉक्टर थट्टेनं म्हणायचेसुद्धा, एक्स-रे कशाला काढताय, बाईंना विचारा.

विहीणबाई उठल्या तेव्हा त्यांनी आधी तळहात टेबलावर टेकवला. मग सगळा भार डाव्या पायावर घेतला आणि एक क्षण ओठ आवळून तशाच उभ्या राहिल्या. सोफ्याशी गेल्या, पण बाळाला उचलायला वाकल्या नाहीत. चादर धरून बाळाला स्वतःकडे ओढलं, मग काठावर टेकून मांडीवर घेतलं. उठायला गेल्या, उठवेना. पुन्हा प्रयत्न केला. मग तिथेच बसून राहिल्या आणि बाळाशी काहीतरी हसून बोलायला लागल्या, जणू तिथेच बसायचं होतं. हसू चांगलं जमवलं होतं. कपाळावरचा घाम लपला नव्हता.

बाई परीक्षा विसरल्या. खोकं बाजूला सारलं. “ह्युफ्टं,” त्या म्हणाल्या.

विहीणबाईंनी चमकून वर बघितलं. “नाइन,” त्या कडक आवाजात म्हणाल्या. हा नकार कुठला खण न उघडता कळतो.

“ह्युफ्टं,” बाईंनी स्वतःच्या उजव्या खुब्यावर हात ठेवला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, खिडकीतून बघायच्या तशा.

विहीणबाईंनी मागच्या बंद दाराकडे बघितलं. दारापलीकडे लेक आणि जावई होते. मग त्या अगदी हळू आवाजात बरंच काही बोलल्या. त्यातला ‘हाउस’ तेवढा बाईंना कळला. पण शब्द कळायची गरजच नव्हती. हा सूर त्यांनी त्या खिडकीत हजारदा ऐकला होता. म्हातारी माणसं कागद घ्यायला एकटी यायची, काउंटरवर ओणवी व्हायची आणि याच आवाजात म्हणायची, बाई, घरी कळवू नका. दुखण्याला ती भीत नसायची. आता ही कामाची नाहीत, असं पोरांनी ठरवलं तर, याला भ्यायची. ही बसवाली बाई आपल्याला नको म्हणत होती ती आपण अडाणी म्हणून नाही, हे बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. खुबा उघडकीला आला तर नात आपल्या हातातून काढून त्या दुसऱ्या आजीला देतील, ही तिची धास्ती होती. कुत्रं इथं पुरलं होतं.

आता बाई काही संत नव्हत्या. त्यांच्या मनात जे यायचं ते आलंच. मुलाला एक वाक्य सांगायचं, तुझ्या सासूचा खुबा गेलाय, बाळ पडेल एखादे दिवशी. संध्याकाळपर्यंत तिकीट हातात. परीक्षा नको, फुल्या नकोत, नात मांडीवर. वाक्य खरंही होतं.

पण केसपेपर ज्याचा त्याचा असतो. मुलाचा नसतो, लेकीचा नसतो, ज्याला त्यानं फायदा होईल त्याचा तर नसतोच. याच एका गोष्टीसाठी बाईंनी त्या खिडकीतून भल्याभल्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. आता ते हिला सांगायचं कसं? ‘मी’ नाही, ‘सांगणार’ नाही, ‘कोणाला’ नाही. बाईंनी कागदांवरून बोट फिरवलं आणि एक बारीकसा कागद ओढला. हाझं, म्हणजे ससा. या बिचाऱ्याला नातेवाईक एकच होता: “माझं नाव ससा, मला काही ठाऊक नाही.” ज्याला काही बोलायचं नसतं तो असं म्हणून मोकळा होतो, असा शेरा होता.

बाईंनी छातीवर हात ठेवला. “हाझं,” त्या म्हणाल्या.

विहीणबाई बघतच राहिल्या. या बाईचं डोकं फिरलं की काय, असा चेहरा.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, खांदे उडवले, डोळे मोठे केले. “हाझं.”

मग विहीणबाईंना कळलं. त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग सगळं अंग, आणि मांडीवरची नातही त्याबरोबर हलायला लागली आणि रडायची विसरली. हसता हसता विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मनगटानं पुसलं तरी थांबेना. त्या काहीतरी म्हणाल्या. ‘डी’च्या खणातलं असावं.

मग बाईंना राहवलं नाही. “हेबन,” त्या बोट नाचवत म्हणाल्या, आणि मान जोरात हलवली. उचलायचं नाही. “हाल्टन,” असं धरायचं, बसून, उशी घेऊन. “हिल्फं होलन. हॉइटं.” मदत आणायची, आज. परीक्षक बाई पेशंटसारखी मान डोलवत होती. प्रश्नांची यादी सोफ्याखाली गेली होती, ती कोणी उचलली नाही.

कॉल संपल्यावर यजमान आत आले. “पास?”

“नसेन.”

“अगं, पण मी दारातून बघितलं. त्या बाईंना उठवत नाहीये. मुलाला सांग की.”

“तुम्ही काही बघितलेलं नाही.”

“अगं, नात…”

“कळतंय हो मला नात,” बाई म्हणाल्या आणि टॉवेलात तोंड घालून रडल्या. यजमानांनी शेजारी बसून सगळे कागद खोक्यात परत लावले. त्यातले निम्मे उलटे लावले, पण त्या दिवशी त्यांना कोणी बोललं नाही.

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी सकाळी मुलाचा फोन आला. त्याचा आवाज असा होता की बाई आधी खाली बसल्या.

तो सांगत होता, काल सासूबाईंनी दोघांना बोलावून समोर बसवलं आणि आपणहून सांगितलं. बाळ झालं तेव्हापासून खुबा दुखतोय, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि त्यांनी ते इतके महिने दडवून ठेवलं. सूनबाई रडली, म्हणाली, आई, आम्ही रोज येतो-जातो, तू एका शब्दानं बोलली नाहीस. “तर त्या काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, तुम्हाला दोघांना माझी भाषा येते, म्हणून तुम्ही मी सांगितलं तेवढं ऐकलंत. त्या बाईला येत नाही, म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं.”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“परीक्षेत तू नापास आहेस, हे पण त्यांनी सांगितलं. लंगोटाला मागची विजार म्हणतेस म्हणे. पण म्हणाल्या, तिलाच बोलवा.” मुलगा थांबला. “आई, तू त्यांना काय सांगितलंस? त्या तुला ससेबाई म्हणतात.”

“काही नाही सांगितलं.”

“बरं. तिकीट काढतोय मी. सहा महिन्यांचं. ऐकतेस ना? नातीला भेटशील आता.”

बाई भिंतीवरचं कॅलेंडर काढायला उठल्या. मुलगा तिकडे हालो हालो करत राहिला.

“ऑपरेशन कोणत्या तारखेला आहे?” बाईंनी विचारलं. “त्याच्या आधीचं काढ. पहिले दहा दिवस फार जड जातात, आणि तेव्हा माणूस घरच्यांना काही सांगत नाही.”